बाळाने टाकलेले दूध आणि आपण पाजलेली औषधे

"डॉक्टरसाहेब, लेकरू सारखं दूध फेकते." यवतमाळ जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. त्यापुढची मागणीही ठरलेली असते: "काही औषध द्या ना." बहुतेक वेळा याचे खरे उत्तर "औषधाची गरज नाही" हेच असते, आणि नेमके हेच उत्तर घरच्यांना, विशेषतः आजीला, पटत नाही. बाळाच्या तोंडातून दूध बाहेर येताना डोळ्यांना दिसते आहे, दिवसातून चार झबली बदलावी लागताहेत, अंगाला आंबूस वास येतो आहे, आणि डॉक्टर म्हणतात काही करू नका!

म्हणून आज या विषयाकडे थोडे इतिहासातून बघू. बाळ दूध का टाकते हे तर पाहूच, पण ते थांबवण्यासाठी आणि बाळाला शांत करण्यासाठी माणसाने आजवर त्याला काय काय पाजले आणि त्याचे पुढे काय झाले, हेही पाहू. हा इतिहास वाचला की एक गोष्ट ध्यानात येते. साध्या दूध टाकण्याने बाळांचे फारसे काही बिघडत नव्हते. बिघडले ते त्यावर केलेल्या उपायांनी. आणि जी थोडी बाळे खरोखर आजारी होती, ती या उपायांच्या नादात दवाखान्यात उशिरा पोहोचली.

गुळणी वेगळी, उलटी वेगळी

आधी शब्द नीट समजून घेऊ. बाळ दूध पिते, खांद्यावर घेतले की ढेकर देते आणि ढेकरेबरोबर घोटभर दूध ओठांवरून गळते. बाळाला त्याचे काहीच वाटत नाही. ते हसते, खेळते, पुन्हा प्यायला मागते. ही गुळणी. उलटीत मात्र पोटाचे स्नायू जोर लावतात. बाळ कण्हते, अंग ताणते, दूध जोराने बाहेर पडते आणि नंतर बाळ मलूल होते. दूध फाटलेले, दह्यासारखे असले म्हणजे ती उलटी, असे मात्र नाही. पोटातल्या आम्लाने दूध फाटतेच; थोडा वेळ पोटात राहिलेले दूध गुळणीतही तसेच दिसते.

गुळणी का होते? अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. दारासारखे समजा. घास खाली जाताना हे दार उघडते, नंतर मिटते. लहान बाळात ते अधूनमधून आपोआप सैल पडते. त्यात जठर लहान, आहार सगळा पातळ, दिवसातून आठ ते बारा वेळा पाजणे आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवे पडून राहणे. एवढ्या गोष्टी जुळल्यावर थोडे दूध वर येणारच.

डॉक्टरांनाही हे उशिराच कळले. १९४७ मध्ये अमेरिकेतील न्यूहाउझर आणि बेरेनबर्ग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी करून, जठराच्या तोंडाचे हे दार सैल राहिल्यामुळे बाळे दूध टाकतात, असे मांडले. पुढे अन्ननलिकेतला दाब मोजण्याची साधने आली आणि १९८० च्या सुमारास हे दार क्षणभर सैल पडून पुन्हा मिटते, हे स्पष्ट झाले. १९९७ मध्ये शिकागो परिसरातील निरोगी बाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांपर्यंत चढले. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ते फक्त ५ टक्के उरले. म्हणजे तीनपैकी दोन निरोगी बाळे एका वयात दूध टाकतात, आणि बाळ बसायला, उभे राहायला, घट्ट अन्न खायला लागले की त्यातली बहुतेक आपोआप थांबतात.

ही आकडेवारी आपल्या आजी-पणजीजवळ नव्हती. तिच्याजवळ होते अंगावर दूध टाकणारे, रडणारे बाळ आणि घरातली सहाण.

सहाण, मुरुडशेंग आणि वेखंड

आपल्याकडे बालरोगांचा विचार फार जुना आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी 'कौमारभृत्य' हे एक अंग. त्यावरचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता. त्याची खंडित पोथी नेपाळात सापडली आणि १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ती छापून निघाली. या ग्रंथात 'वेदनाध्याय' नावाचे एक प्रकरण आहे. बोलता न येणाऱ्या बाळाला काय दुखते आहे, हे त्याच्या हालचालींवरून कसे ओळखावे, याचे ते प्रकरण. कान दुखत असेल तर बाळ हात कानाकडे नेते, उलटी होण्याआधी वारंवार ढेकर आणि जांभया येतात, अशी निरीक्षणे त्यात आहेत. औषधाआधी बाळाकडे नीट बघा, हा त्यातला धडा आजही पहिल्या दर्जाचा आहे.

घरांत मात्र बघण्यापेक्षा पाजणे जास्त रुजले. बाळगुटीची पुरचुंडी कुणाला आठवत नाही? मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, सुंठ, हळकुंड, जायफळ, वेखंड, अतिविष, नागरमोथा, काकडशिंगी, खारीक, बदाम. सहाणेवर आईच्या दुधात प्रत्येकाचे चार-दोन वेढे उगाळायचे आणि बाळाला चाटवायचे. या मागची माया खरी होती, यात शंका नाही. पण दोन अडचणी होत्या, आणि त्या आजही आहेत.

पहिली अडचण मात्रेची. वेढे कोण मोजणार, किती जोराने उगाळणार? जायफळाने गुंगी येते. वेखंड तर आयुर्वेदात वमनासाठी, म्हणजे उलटी करवण्यासाठी वापरायच्या द्रव्यांत मोडते. दूध टाकणाऱ्या बाळाला वेखंड जास्त चाटवले, तर थांबणार काय? दुसरी अडचण स्वच्छतेची. सहाण, बोट, वाटी, पाणी आणि वर्षभर डब्यात पडलेली मुळ्या-फळे यांतून जंतू सरळ बाळाच्या पोटात जातात. गुळणी करणाऱ्या बाळाला मग खरोखरच उलट्या-जुलाब सुरू होतात आणि घरचे म्हणतात, "बघा, गुटी थोडी कमी पडली."

त्यापलीकडे सटवाईची भीती आणि दृष्टीचे खूळ होतेच. मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढल्याने बाळाचे काही बिघडत नाही. आईच्या मनाला तेवढाच धीर. पण आपल्या शेजारच्या मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डागण्या द्यायची प्रथा आहे. तिकडे तिला 'डंबा' म्हणतात. तिच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही आल्या आहेत. ज्याच्या पोटात आधीच दुखते आहे त्याच्या पोटावर भाजल्याच्या जखमा, आणि दवाखान्यात जायचे दोन-तीन दिवस वाया. इथे उपाय म्हणजे निव्वळ इजा असते.

गिरणगावातली बाळागोळी

इतिहासातला सगळ्यात दुःखद भाग मुंबईचा आहे. विदर्भ-खानदेशातला कापूस ज्या गिरण्यांत जायचा, त्या गिरण्यांत हजारो बायका काम करत. बाळंतपणानंतर पगारी रजा नव्हती. तान्हे बाळ चाळीच्या खोलीत ठेवून दहा-दहा तास कामावर जायचे, तर बाळ शांत राहायला हवे. त्यासाठी बाजारात बाळागोळी मिळायची. तिच्यात अफू असे.

१९२२ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणी कामगार बायकांच्या स्थितीचा अहवाल दिला. त्यात त्यांनी नोंदवले, की या बायकांच्या सुमारे ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते. शंभरात अठ्ठ्याण्णव! १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त अर्भके दगावली होती. या आकड्यात नोंदणीच्या त्रुटी आहेत. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म तिकडे आणि मृत्यू इकडे नोंदला जाई. शिवाय कोंदट खोल्या, गलिच्छ पाणी, साथीचे रोग ही कारणे होतीच. पण अफू त्यात भर घालत होती.

अफू बाळात काय करते, हे समजून घेणे आवश्यक आहे. ती आतड्यांची हालचाल मंद करते, म्हणून जुलाब थांबल्यासारखे वाटतात. ती गुंगी आणते, म्हणून रडणे थांबते. ती भूक मारते, म्हणून बाळ दूध कमी पिते, आणि कमी प्यायल्यावर टाकतेही कमी. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही तक्रारी गेल्या. आतून बाळ वाळत चाललेले असते, आणि मात्रा थोडी जास्त झाली की श्वास थांबतो. गप्प बाळ म्हणजे बरे झालेले बाळ, ही चूक इथे सर्वांत महागात पडली.

हे फक्त आपल्याकडे घडत होते असेही नाही. इंग्लंडमध्ये 'गॉडफ्रीज कॉर्डियल' नावाचे अफूचे पाक विकले जात, आणि नॉटिंगहॅमच्या लेस विणणाऱ्या कामकरी बायकाही आपली बाळे त्यावरच झोपवत. अमेरिकेत 'मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप' होते. त्यात मॉर्फिन असे. आईला कामावरून सुट्टी नाही, म्हणून बाळाला गुंगी, असा हा हिशेब होता. मुंबईत १९२९ मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला. विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. माझ्या मते बाळागोळीवरचा खरा उतारा तिथून सुरू होतो: आई बाळाजवळ राहू शकली तर गोळीची गरज उरत नाही. कापूस वेचणीच्या हंगामात बाळाला बांधावर झोळीत टाकून कामाला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या मजूर आईचा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही, हे इथे विसरून चालणार नाही.

ग्राइप वॉटरची बाटली

त्याच नॉटिंगहॅम शहरात १८५१ मध्ये विल्यम वुडवर्ड नावाच्या औषध विक्रेत्याने ग्राइप वॉटर तयार केले. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात हिवतापाने आजारी पडणाऱ्या मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधावरून त्याला ही कल्पना सुचली. घटक साधे होते: शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि सुमारे ३.६ टक्के अल्कोहोल. अफूच्या मानाने हे कितीतरी सौम्य होते, म्हणून लोकांनी ते आनंदाने स्वीकारले. इंग्रजांबरोबर ते भारतात आले आणि इथलेच होऊन गेले. आई, आजी, पणजी सगळ्यांनी हेच दिले होते, अशी टीव्हीवरची ती जाहिरात माझ्या पिढीला चांगलीच आठवत असेल.

ग्राइप वॉटरने दूध टाकणे थांबते का? त्याचा असा कुठलाही भक्कम पुरावा दीडशेहून अधिक वर्षांत मिळालेला नाही. गोड चव लागली की बाळ क्षणभर गप्प होते. पूर्वीच्या अल्कोहोलने थोडी गुंगी येत असावी. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्यातले अल्कोहोल काढून टाकले गेले; आज आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांवरही 'अल्कोहोल नाही' असे लिहिलेले असते. मग उरते काय? गोड पाणी, थोडा सोडा आणि बडीशेप-शेपूचा वास. त्यासाठी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटातली आईच्या दुधाची जागा का अडवायची?

अल्कोहोलचा विषय निघाला म्हणून आपल्या जिल्ह्यातली एक घटना सांगतो. ३१ जानेवारी २०२१ ला पल्स पोलिओ मोहिमेत घाटंजी तालुक्यातील भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत पाच वर्षांखालील १२ मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी चुकून सॅनिटायझरचे थेंब दिले गेले. मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल केले, देखरेखीखाली ठेवले, आणि सुदैवाने ती सुखरूप राहिली. सगळ्या देशात बातमी झाली, आणि ते योग्यच होते. पण विचार करा: दोन थेंबांनी आपण एवढे हादरलो, आणि त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी अल्कोहोल मिसळलेले औषध चमच्याने, रोज, प्रेमाने पाजले. सॅनिटायझरच्या मानाने त्यात अल्कोहोल फारच कमी होते हे खरे. तरी तान्ह्या बाळाच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट काय आहे हे विचारायची सवय आपल्याला उशिरा लागली, हेही तितकेच खरे.

बाटलीबंद दूध

विसाव्या शतकात पावडरचे दूध आणि दुधाची बाटली आली. गुटगुटीत बाळाचे चित्र असलेले डबे शहरापासून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. बाटलीने दूध टाकण्याचे प्रमाण वाढले, हे फार थोड्या लोकांच्या लक्षात आले. स्तनपानात बाळ पोट भरले की तोंड बाजूला करते. बाटलीत मात्र उरलेले दूध वाया जाऊ नये म्हणून शेवटच्या घोटापर्यंत पाजले जाते, भोक मोठे असेल तर दूध बदाबदा येते, आणि त्यासोबत हवाही गिळली जाते. त्यात बाटली नीट उकळलेली नसेल तर जुलाब-उलट्या ठरलेल्या. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा दुधाच्या जाहिरातींना आवर घालणारी संहिता स्वीकारली, आणि भारताने १९९२ मध्ये त्यासाठी कायदा केला. आज या डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही, ते त्याच कायद्यामुळे.

मग आली डॉक्टरांची पाळी

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळे अडाणीपणाचे उपाय झाले. तसे नाही. शिकल्यासवरल्या डॉक्टरांनीही याच गुळणीच्या धास्तीने मोठे नुकसान केले आहे.

बाळ उताणे झोपले आणि त्याने दूध टाकले तर ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरेल, ही भीती स्वाभाविक आहे. बेंजामिन स्पॉक या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांचे बालसंगोपनावरचे पुस्तक जगभर खपत होते. त्यांनी १९५८ च्या आवृत्तीत याच भीतीपोटी बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला दिला. पाश्चात्त्य देशांत पुढची तीसेक वर्षे बाळे पालथी झोपवली गेली, आणि त्या काळात झोपेतच अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढली. अभ्यासांतून कारण पुढे आले: पालथे झोपवणे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका अशा देशांत बाळाला उताणे झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्या आणि असे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले. हा सल्ला वेळीच बदलला असता तर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून किमान ५०,००० बाळे वाचली असती, असा अंदाज २००५ मध्ये एका अभ्यासात मांडला गेला. आणि ज्याची भीती होती ते गुदमरणे? उताणे झोपवल्याने ते वाढले नाही. उताण्या बाळात श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत जायला चढ चढावा लागतो. पालथ्या बाळात नेमके उलट होते. आपल्याकडे पाळण्यात, झोळीत बाळ बहुधा उताणेच निजते. ती सवय मोडू नका.

औषधांचेही तसेच झाले. जठर लवकर रिकामे व्हावे म्हणून सिसाप्राइड हे औषध दूध टाकणाऱ्या बाळांना दिले जाई. त्याने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेत २००० मध्ये ते बाजारातून काढले गेले. भारतात त्यावर २०११ मध्ये बंदी आली. डॉम्पेरिडोनचा लहान मुलांच्या उलट्यांवर पुरेसा उपयोग होत नाही म्हणून ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी त्याची मान्यता काढली गेली. आपल्याकडे त्याचे थेंब आजही सहज मिळतात. आम्ल कमी करणाऱ्या लॅन्सोप्राझोल या औषधाची १६२ बाळांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्या बाळांपैकी ५४ टक्के सुधारली, आणि नुसते औषधासारखे दिसणारे पाणी दिलेल्यांपैकीही ५४ टक्केच सुधारली! सुधारणा काळाने केली होती, श्रेय औषधाला मिळाले असते. अन्ननलिकेला खरोखर इजा झालेल्या थोड्या बाळांना आम्लाची औषधे लागतात. ते तज्ज्ञांनी ठरवायचे, मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर नाही.

ज्या उलटीकडे दुर्लक्ष चालत नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. सगळ्या उलट्या निरुपद्रवी नसतात, आणि हेही इतिहासानेच शिकवले.

१८८८ मध्ये डेन्मार्कच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग या बालरोगतज्ज्ञांनी दोन बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघेही प्रत्येक वेळी दूध प्यायल्यावर जोराची उलटी करत, पुन्हा भुकेने रडत, आणि शेवटी वाळून दगावले. त्यांच्या जठराच्या खालच्या टोकाचा स्नायू इतका जाड झाला होता, की दूध पुढे आतड्यात जायला वाटच उरली नव्हती. त्या काळात असे बाळ बहुधा वाचत नसे. १९१२ मध्ये जर्मनीतील मुन्स्टरचे सर्जन कॉनराड रामस्टेट यांनी एक सोपी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली: जाड स्नायूला फक्त उभा छेद द्यायचा, टाके घालायचे नाहीत. शंभराहून अधिक वर्षे झाली, आजही हेच ऑपरेशन होते आणि बाळ काही दिवसांत घरी जाते. अट एकच. वेळेवर ओळखले पाहिजे. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळात प्रत्येक पाजण्यानंतर कारंज्यासारखी लांब उडणारी उलटी आणि त्यानंतर लगेच भूक, हे त्याचे लक्षण.

दुसरा धडा आपल्या विदर्भातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले. बाळाला जंतुसंसर्ग झाला हे प्रयोगशाळेशिवाय कसे ओळखायचे? त्यांनी साधी लक्षणे ठरवली: रडणे क्षीण होणे, ओढून दूध पिणे कमी होणे, बाळ सुस्तावणे, अंग गार किंवा गरम लागणे, श्वास जलद होणे, सतत उलट्या किंवा पोट फुगणे. यांतली एकापेक्षा जास्त लक्षणे एकत्र दिसली की लगेच उपचार. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते, त्यामागे हा प्रयोग आहे. तिला दारातून परत पाठवू नका. काश्यपसंहितेतला "बाळाकडे नीट बघा" हा धडा ती तराजू आणि थर्मामीटर घेऊन पुढे चालवते आहे.

खालीलपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका

- उलटी हिरवी असेल. ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे. आतड्याला पीळ पडल्याची शक्यता असते. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा.
- उलटीत किंवा शीत रक्त असेल.
- प्रत्येक पाजण्यानंतर जोराची, लांब उडणारी उलटी होत असेल.
- पोट फुगून टणक झाले असेल, शी होत नसेल.
- बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, रडणे बदलले असेल, टाळू फुगली किंवा खोल गेली असेल.
- ताप असेल, किंवा बाळ गार पडत असेल. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात हे विशेष गंभीर.
- पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल.
- वजन वाढत नसेल.
- दूध टाकणे सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झाले असेल.

आणि यातले काहीच नसेल तर

थोडे थोडे, पण बाळ मागेल तेव्हा पाजा. स्तनाग्राभोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला आहे ना, ते बघा. म्हणजे हवा कमी गिळली जाते. पाजून झाल्यावर ढेकर काढा आणि वीस-तीस मिनिटे खांद्याशी उभे धरा. मालिश, आंघोळ, शेक हे सगळे पाजण्याआधी उरका. पोट भरल्यावर बाळाला हलवू, झुलवू, उडवू नका. लंगोट पोटावर करकचून बांधू नका. घरात विडी-सिगारेटचा धूर नको. त्यानेही दूध वर येण्याचा त्रास वाढतो. झोपवताना उताणे, सपाट, उशीशिवाय. सहा महिने फक्त आईचे दूध: पाणी नाही, गुटी नाही, मध नाही, ग्राइप वॉटर नाही. बाळ दूध टाकते म्हणून अंगावरचे पाजणे कधीही बंद करू नका. हे सगळे करूनही बाळ थोडे दूध टाकेलच, आणि त्यात काही बिघडत नाही.

शेवटी खरा न्यायनिवाडा काटा करतो. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, दोन आठवड्यांत भरून येते, आणि पुढे पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅमने वाढते. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्या. रेघ वर जात असेल तर बाळाने टाकलेल्या दुधाची काळजी धोब्याने करावी. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर काळजी आम्ही डॉक्टरांनी करायची. तेव्हा "लेकरू दूध फेकते" म्हणून दवाखान्यात जाल, तेव्हा औषधाच्या चिठ्ठीआधी ते कार्ड पुढे करा.